खुर्चीच्या दोन बोटं वर

माझ्या आईचा गुडघा कुणी कधी मोजला नाही. राधानगरीकडं आमचं गाव. आई दुसऱ्यांच्या रानात भाताची लावण करायची, पावसाळाभर चिखलात वाकून. वडील साखर कारखान्यात सीझनपुरते कामाला. घर एका खोलीचं. पुढं पुढं आईला खाली बसलं की उठता येईना. मग वडील तिला एसटीनं कोल्हापूरच्या दवाखान्यात घेऊन आले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, "किती दुखतं?" आई म्हणाली, "दुखतंय की." तेवढ्यात पुढच्या पेशंटला हाक गेली. गोळ्या घेऊन आम्ही परतलो. त्यानंतर आई भिंतीला धरूनच उठायची.

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. फिजिओथेरपीला ॲडमिशन मिळालं तेव्हा वडिलांना वाटलं, पोरगी मालिश शिकायला चालली. तरी पाठवलं. आज मी कोल्हापुरात हाडांच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे आणि लोकांचे गुडघे मोजणं हे माझं काम आहे. याचा मला अभिमान आहे. पण आक्काताई नावाच्या एका पेशंटच्या बाबतीत आम्ही मोजूनही फसलो होतो, ते सांगते.

गुडघ्याची झीज एक्स-रेमध्ये दिसते. त्या गुडघ्यानं माणूस काय काय करू शकतो, ते एक्स-रेमध्ये दिसत नाही. सारखाच एक्स-रे असलेल्या दोन बायकांमधली एक डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येते, दुसरीला संडासला जायचं म्हटलं तरी धास्ती वाटते. या करता येण्या-न येण्याला आम्ही फंक्शन म्हणतो. पूर्वी ते आम्ही घड्याळ आणि कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी घेऊन मोजायचो. मग आमच्या सरांनी मोबाइलचं ॲप आणलं.

ॲप साधं आहे. मोबाइल आडवा केला की फोटो आडवा होतो, कारण फोन किती कलला हे त्याला आतून कळतं. तोच मोबाइल पट्ट्यानं पेशंटच्या मांडीवर बांधायचा. पेशंटनं हात छातीवर घेऊन खुर्चीतून उठायचं, बसायचं, परत उठायचं. उभं असताना मांडी उभी, बसल्यावर आडवी. मांडी पूर्ण आडवी झाली तरच फोन ती उठबस धरतो. शेवटी स्क्रीनवर रंग येतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे व्यायाम, लाल म्हणजे फंक्शन गेलं.

सर ऑर्थोपेडिक सर्जन. कामाला वाघ, बोलायला तिखट. त्यांचं म्हणणं, "सुजाता, पेशंट सांगताना कमी-जास्त सांगतो. फोनला कुणाची भीड नाही."

आक्काताई आल्या त्या थोरल्या दिरांबरोबर. राधानगरी रोडवरचं गाव, चांगलं शेतकऱ्याचं घर. आक्काताईंचे मालक वारलेले. दोन म्हशी त्यांच्या स्वतःच्या, डेअरीला दूध त्यांच्याच नावानं जायचं. दीर घरातले कर्ते. मोठ्या आवाजाचे, पण मनानं मोकळे. दर वेळी स्वतः गाडी चालवत भावजयीला आणायचे. तपासणीच्या खोलीतही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहायचे.

"पैशाचं बघू नगासा मॅडम. पाय बरा झाला पायजे. तिला कोण हाय आमच्याशिवाय?"

एक्स-रेमध्ये झीज मध्यम होती. मी मांडीला मोबाइल बांधला आणि उठबस करायला सांगितलं. आक्काताईंनी डोक्यावरचा पदर सावरला, हात छातीवर घेतले आणि सुरुवात केली. चेहरा घामानं भिजला. स्क्रीन लाल. एकही उठबस धरली नव्हती.

व्यायाम देऊन काही आठवड्यांनी परत बोलावलं. परत लाल.

सरांनी दोन्ही रिपोर्ट बघितले. "एक्स-रे मध्यम आहे, पण बाईला खुर्चीत बसता येत नाही. गुडघा बदलू या. तारीख द्या."

दीर लगेच तयार झाले. "करून टाकू. आणि म्हशीबी काढून टाकू. नव्या गुडघ्यानं खाली बसायचं न्हाय म्हणत्यात. मग धारा कोण काढणार?"

नंतर मी पट्टा सोडत होते आणि दीर काउंटरकडं गेले होते, तेव्हा आक्काताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, पाय ऱ्हाऊ द्या असाच. म्हशी गेल्यावर मी त्या घरात दिवसभर करू काय? जेवाय मिळंल, त्यात काय न्हाय. पण जेवाय मिळणं म्हंजे काय सगळं व्हय?"

मला आई आठवली. पण आई आठवून ऑपरेशन थांबत नाही. मी दोन्ही रिपोर्टचे ग्राफ उघडले.

मांडी कशी खाली गेली, कशी वर आली, त्याची रेघ फोन काढतो. मांडीत ताकद नसली की माणूस शेवटी खुर्चीत धपकन पडतो. रेघ खाली कोसळते. आक्काताईंची रेघ कोसळत नव्हती. सावकाश खाली यायची, खुर्चीच्या दोन बोटं वर थांबायची आणि परत वर जायची. दर वेळी त्याच जागी. साडीच्या घोळामुळं नुसत्या डोळ्यांना ते आम्हाला दिसलं नव्हतं. आता हे तुम्ही घरी करून बघा. खुर्चीत बसायला जा, न टेकता वरच थांबा आणि उठा. बसण्यापेक्षा हे अवघड आहे. ज्या बाईला बसता येत नाही असं आम्ही लिहिलं होतं, ती बसण्यापेक्षा अवघड गोष्ट करत होती.

मी सरांकडं गेले. "सर, हे ताकद नसल्याचं लक्षण नाही."

"मग कशाचं?"

"ते मला माहीत नाही."

"माहीत नाही हे रिपोर्टमध्ये कुठल्या कॉलममध्ये लिहू?"

"एकदा घरी जाऊन टेस्ट घेते. ॲपमध्ये सोय आहे. तोवर तारीख नको."

सरांनी रिपोर्ट माझ्याकडं सरकवले. "सोमवारपर्यंत. नंतर ऐकणार नाही."

रविवारी मी स्कूटरवरून गेले. गोठ्यासमोर अंगणात दगडी कट्टा होता, आमच्या खुर्चीएवढाच उंच. आक्काताईंनी चहा आणला. मी कट्ट्यावर बसले, शेजारी त्याही बसल्या. नीट, पूर्ण टेकून. मला थोडं आश्चर्य वाटलं. म्हशींची चौकशी चालली होती. एक तापट, एक गरीब. गरीब होती ती दूध कमी द्यायची.

इतक्यात दारातून दिरांचं खाकरणं ऐकू आलं.

आक्काताई उठल्या. चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर. कशालाही न धरता, एका दमात. कपातला चहा हिंदकळला नाही.

"बसा, बसा," म्हणत दीर आत गेले. ते दिसेनासे झाले तशा आक्काताई परत सावकाश बसल्या.

मी माझा कप खाली ठेवला. "आक्काताई, दवाखान्यात अशा का बसला नाहीत?"

"भावजींच्या म्होरं? खुर्चीत?" मी काहीतरी वेडंवाकडं बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्या घरात येऊन एवढी वर्सं झाली, त्यांच्या म्होरं कधी पाटावरबी बसलो न्हाय."

"अहो, पण मी बसा म्हणत होते ना?"

"म्हणूनच की. तुमी म्हणतासा बसा, आनि भावजी बसल्यात समोर. मग टेकल्यागत करायचं नि उठायचं. तुमचंबी मन ऱ्हातंय, त्यांचाबी मान ऱ्हातोय. पर लई दुखलं बगा."

"मग मला सांगायचं तरी."

"कसं सांगू? त्यांच्याच म्होरं?"

मोठ्या दिरासमोर खुर्चीत बसायचं नाही, ही रीत मला ऐकून माहीत होती. पण माझ्या अंगात ती नव्हती. आमच्या घरात खुर्चीच नव्हती, त्यामुळं तिच्यावर कुणी बसायचं हा प्रश्न कधी आला नाही.

मी तिथंच मांडीला मोबाइल बांधला. कट्ट्यावरून उठबस. रंग पिवळा आला.

निघताना आक्काताई म्हणाल्या, "भावजींना सांगू नगासा. जिवाला लावून घेत्याल. दवाखान्यात न्ह्यायला तेवढं तेच हाईत."

सोमवारी दोघांना परत बोलावलं होतं. मी दाराबाहेर एक खुर्ची ठेवली आणि नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असं सांगून टाकलं. दीर कुरकुरले. "मी नसलो तर भ्याल की ती."

"नाही भिणार. तुम्ही चहा घ्या."

या वेळी सर स्वतः उभे होते. आक्काताई एकदा बंद दाराकडं बघून खुर्चीत पूर्ण बसल्या. उठल्या, बसल्या. कष्ट पडत होते, दुखतही होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण फोन एकेक उठबस धरत गेला. परत पिवळा.

दीर आत आले तेव्हा सर स्क्रीनकडंच बघत होते. "लाल होतं ते पिवळं झालं. मध्ये काय बदललं?"

मी पट्टा गुंडाळायला घेतला. आक्काताई उठून भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या. दिरांनी रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या आपल्या स्टुलाकडं. माणूस हुशार.

"मी हुतो म्हणून व्हय?"

आक्काताईंनी पदर पुढं ओढला.

दिरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आक्काताई, मी कधी बसू नगं म्हटलंय?"

आक्काताईंनी मान वर केली नाही. "म्हणाय लागतंय व्हय, भावजी?"

दीर स्टुलावर बसले आणि पटकन परत उठले. मग सरांना म्हणाले, "मग आता आपरेशन?"

"सध्या नको. मांडीची ताकद वाढवायची, उकिडवं बसायचं बंद. पुढं लागलं तर बघू. झीज काही परत भरून येत नाही."

"आनि म्हशी?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "खाली बसू नये एवढंच आहे. म्हशी काढा असं आमच्या शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. उंच स्टूल करून घ्या. त्यावर बसून धार काढता येते."

दिरांनी आठवड्याभरात गावातल्या वेल्डरकडून लोखंडी स्टूल करून आणलं. मापाला मला फोन केला होता.

यात फोन एकदाही चुकला नव्हता. मांडी खुर्चीला टेकत नाही, एवढंच तो सांगत होता आणि ते खरं होतं. टेकत नाही याचं टेकता येत नाही असं आम्ही करून घेतलं. फोनला भीड नाही, पण पेशंटला आहे, हे सरांना मी नंतर एकदा सांगितलं. ते म्हणाले, "बरं, बरं. पुढचा पेशंट घे." पण दाराबाहेरची खुर्ची त्यांनी पक्की केली. आता टेस्ट सुरू करण्याआधी मी विचारते, घरी कशावर बसता आणि कुणासमोर बसत नाही.

मागच्या महिन्यात आक्काताई तपासणीला आल्या. दीर आपणहून बाहेर थांबले. मी विचारलं, आता त्यांच्यासमोर बसता का? म्हणाल्या, "न्हाय. पर स्टुलावर धार काढताना भावजी आलं तर उठत न्हाय. मधीच उठलं तर म्हस पान्हा चोरतीया. त्येंनाबी पटलंय ते."

आक्काताईंचे दोन्ही गुडघे अजून त्यांचेच आहेत. दोन्ही म्हशी गोठ्यात आहेत, आणि दूध त्यांच्याच नावानं जातं.