दादाची गिटार आणि तुटलेली वायर

आमचे अण्णा मोटर चालू करायला गेले आणि परत आले नाहीत. कसबा बावड्याला नदीकडच्या मळ्यात ते दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजायचे. स्टार्टरच्या पेटीत ओल शिरली होती आणि त्यांच्या पायात काही नव्हतं. मी तेव्हा सहावीत होते. त्यानंतर आई कारखान्याच्या वसाहतीत धुणीभांडी करायला लागली. दादानं दहावीतच शाळा सोडली आणि एका ऑर्केस्ट्रात सामान उचलायला जाऊ लागला.

आमच्या खोलीत आईनं कितीतरी महिने विजेचा दिवा लावू दिला नाही. मी चिमणीच्या उजेडात अभ्यास केला म्हटलं की लोकांना वाटतं, आमच्याकडं वीज नव्हती. वीज होती. आईला बटणाला हात लावायचं धाडस नव्हतं.

सामान उचलता उचलता दादा गिटार शिकला. ऑर्केस्ट्रातला जुना गिटारवाला गाव सोडून गेला तेव्हा आपली गिटार दादाला देऊन गेला. लाकडी, पोटाला गोल भोक असलेली, आणि त्या भोकात तारांचा आवाज विजेत पकडणारी पट्टी, म्हणजे पिकअप, बसवलेली. तिथून वायर अ‍ॅम्प्लिफायरला जायची. आईला गिटारचं काही नव्हतं, तिचा जीव त्या वायरीत अडकलेला असायचा. दादा कार्यक्रमाला निघाला की ती एकच विचारायची, "चपला रबरी हायत न्हवं?"

"व्हय गं आई, टायरच्या हायत."

तो परत येऊन कडी लावीपर्यंत ती कूस बदलत राहायची. मीही जागीच असायचे. फक्त बोलून दाखवत नव्हते.

पुढं कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं ते आवडीनं नाही. ज्यानं माझा बाप नेला ते आहे तरी काय, हे मला बघायचं होतं. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी आजही न लाजता सांगते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना, गणपती तोंडावर आलेले, आणि गिटार घूं घूं करायला लागली. तशी ती आधीपासूनच करायची, पण आता गाण्यापेक्षा घूं जास्त ऐकू यायला लागलं. ऑर्केस्ट्राचे मालक दादाला म्हणाले, "ही गिटार न्हाय, भुंगा हाय. नीट करून आण, न्हायतर मी दुसरा कोणतरी बसवतो."

दादानं गिटार आणून माझ्या पुढ्यात ठेवली. "घे. कॉलेजात जातीस न्हवं? कर ऑपरेशन."

"आणि मेली तर?"

"मग तेरावं तूच घाल."

"वंगाळ बोलू नगंस रं मुडद्या!" चुलीपुढनं आई ओरडली.

मी गिटार उजेडात धरली. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात, आणि ऑर्केस्ट्राची हत्यारं म्हणजे वाद्यं. दरवर्षी प्रत्येकानं आपापल्या बोटानं तिला ओलं हळदकुंकू लावलेलं, वर फुलानं पाणी शिंपडलेलं. तारा पोटावर जिथं बांधतात त्या लाकडी पट्टीभोवती खपलीच धरली होती. मानेवर घामाचा काळा थर, तारांना गंज, आवाजाचं बटण फिरवलं की खरखर.

आधी सगळ्या तारा काढल्या. आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा जरासा ओला करून खपलीवर टेकवायचा, ती फुगू द्यायची, मग अलगद टिपून घ्यायची. एकदा स्पिरिट लावून बघितलं तर कुंकवाबरोबर पॉलिशही कापडाला आलं, तेव्हा हात आवरला. कोपऱ्यांत टूथब्रश. मानेवरचा थर बोथट पात्यानं खरवडला आणि कोरड्या पडलेल्या लाकडाला जवसाच्या तेलाचा हात फिरवला. कुंकू गेलं. हळद लाकडात मुरली होती, तिला मी राहू दिलं.

मग आईचा हातातला आरसा आणि बॅटरी घेऊन भोकातून आत बघितलं. तारा बांधतात त्या लाकडी पट्टीखालून एक बारीक वायर निघून बाहेरची वायर खुपसायच्या जागेपर्यंत जायला हवी होती. तारांना अ‍ॅम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीशी जोडून ठेवणं एवढंच तिचं काम. शिंपडलेलं पाणी आत झिरपून ती हिरवी पडली होती आणि तुटून लोंबत होती. भुंगा तिथं होता. मी नवी वायर टाकली, दोन्ही टोकांना सोल्डर मारला, बटण साफ केलं. शाहूपुरीतल्या दुकानातून दादानं नव्या तारा आणल्या.

मालकांच्या खोलीवर लावून बघितली. घूं गेलं. तारा स्वच्छ वाजल्या. "आयला, बहीण हाय का फोरमन?" मालक दादाला म्हणाले. दादा मिशीत हसला. त्याच्या पायात टायरच्या चपला होत्या.

गणपतीत कार्यक्रम होता त्या दुपारी मीही मांडवात गेले. माझी गिटार मोठ्या स्टेजवर ऐकायची हौस. पाऊस बारीक लागून राहिला होता, स्टेजवरचं जाजम ओलं झालं होतं. सगळे सामान जोडत होते. दादानं पायरीशी चपला काढल्या.

"चपला का काढतोस?"

"खुळी काय तू? मागं गणपती बसलाय. त्याच्याफुडं चपला घालून कोण वाजवतंय?"

आजवर प्रत्येक गणपतीत तो असाच, ओल्या जाजमावर उघड्या पायानं उभा राहिला होता. पण तेव्हा ती वायर तुटलेली होती. तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या, पेटीत वीज उतरली तरी तारांत येत नव्हती. आता जोडल्या होत्या. मी जोडल्या होत्या.

गिटार खुर्चीवर होती, वायर लागलेली, अ‍ॅम्प्लिफायर चालू. दादा हात पुढं करत होता. "हात लावू नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की ढोलकीवाला थांबला. पर्समधला टेस्टर काढून तारेवर टेकवला. आतला नारिंगी दिवा लागला.

मी अ‍ॅम्प्लिफायरची पिन उपटली. तिचा वरचा जाड पाय, पेटीत उतरलेली वीज जमिनीत घालवणारा अर्थिंगचा, मोडलेला होता.

"ते मीच तोडलंय," मालक म्हणाले. "ते असलं की आवाज करतंय. समदे असंच करत्यात."

मंडळाचा वायरमन हसत आला. "ताई, पावसाळी हवा हाय. टेस्टर जरा लागतोयच की."

"माझ्या बापालाही कुणीतरी असंच सांगितलं असेल."

मग कुणी हसलं नाही. पण मालक घड्याळाकडं बघत होते. मी गिटार मांडीवर घेतली आणि स्टेजवरच बसले. "अर्थिंग आणा. नाहीतर बिनगिटारीचा कार्यक्रम करा."

दादाला लाज वाटत होती. खाली वाकून हळूच म्हणाला, "सोड की गं. एवढी वर्षं वाजवतोय न्हवं?"

"एवढी वर्षं वायर तुटलेली होती, दादा. ती मी जोडली."

त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. मग वायरमनला म्हणाला, "पावणं, आणा की हो अर्थिंग."

वायरमननं तोंड वाकडं करत शेजारच्या इमारतीच्या मीटरपासून अर्थिंगची वायर ओढून आणली, अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला बांधली आणि पिन लावली. फाट् असा आवाज झाला आणि मांडवातले सगळे दिवे गेले. फ्यूज उडाला होता. पेटीत सगळी वीज उतरलेली होती. वायरमन "आयला" म्हणाला आणि त्यानं आधी आपल्या पायांत चपला अडकवल्या.

ती पेटी बाजूला काढली, नवा फ्यूज टाकला आणि दिवे परत आले. गिटार सरळ माइकच्या मिक्सरला लावली. त्याची पिन शाबूत होती, तिलाही नवं अर्थिंग दिलं. तारेवर टेस्टर टेकवला. लागला नाही. पुन्हा टेकवला. तरी माझा विश्वास बसेना. न लागणारा टेस्टर बिघडलेलाही असू शकतो.

मी चपला काढल्या आणि ओल्या जाजमावर उभी राहिले. हात उलटा केला. अण्णांची बोटं स्टार्टरच्या दांड्यावर मिटली होती, ती सोडवायला दोन माणसं लागली होती. उलटा हात आखडला तर मागं येतो, धरून बसत नाही. दादा "अगं ए" म्हणेपर्यंत मी बोटांची पाठ तारांवर टेकवली.

तारा गार होत्या. बाकी काही नाही. मग हात सुलटा करून सगळ्या तारा मुठीत धरल्या. काही नाही.

"दे आता," दादा म्हणाला आणि त्यानं गिटार गळ्यात अडकवली.

कार्यक्रमभर लोक त्याच्या बोटांकडं बघत होते आणि मी त्याच्या पायांकडं. शेवटचं गाणं होईपर्यंत मी टाळी वाजवली नाही. घरी आल्यावर आईला यातलं काही सांगितलं नाही. पुढं मी बी.एस्सी. झाले. गिटार दुरुस्त झाली, ऑर्केस्ट्राच्या प्रत्येक पेटीच्या पिनला तिसरा, अर्थिंगचा पाय बसला, आणि दादा उघड्या पायांनी वाजवून सुखरूप घरी येत राहिला.