नागअळीचा टाका

आज सकाळी गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीला पाणी घालताना एक पान हातात आलं. पानाच्या पोटातलं हिरवं खात नागअळी पुढे गेलेली आणि मागे राहिलेली तिची पांढरी, नागमोडी वाट. चुरगळलेल्या पानाचा आंबटसर वास आला आणि नांदेडच्या या तिसऱ्या मजल्यावरून मी थेट रेणापूरला, मावशीच्या परसात जाऊन पोचले.

मावशीला फुलं शिवायला कधी आवडलंच नाही. "फुलाचं कौतुक समदेच करतेत," म्हणायची. तिच्या वाकळीवर असायचं ते किड्यांनी चाळण केलेलं वांग्याचं पान, वेलीवरच वाळलेल्या दोडक्याची जाळी, तुळशीच्या बुडाशी लागलेली मुंग्यांची रांग. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून ती त्यावर धावदोरा घालायची, तोही इतका सरळ की आम्ही भाचरं तिला चिडवायचो, मावशी, पट्टी कुठं लपवलीस?

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, साखर डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचलीय, आहे ती नजर टिकली तरी मिळवली. त्यानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिच्याकडे कमी आणि हातातल्या वाकळीकडेच जास्त बघत होते. हिरव्या ठिगळावर पांढरा दोरा वेडावाकडा फिरला होता. मी त्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

"मावशी, हे टाके असे का गं?"

"नागअळी हाय ती. सरळ चालतीय व्हय कधी?" म्हणत ती इतकी हसली की मलाही हसू फुटलं. खरंच, शेजारी लिंबाचं पान ठेवलेलं होतं; त्यावरून बोट फिरवत ती एकेक वळण शोधायची आणि तेवढंच दोऱ्यानं उतरवायची. माझ्या जिवात जीव आला. मग चहा पिता पिता मी उगाच वाकळ मांडीवर ओढली, घडी उलगडली. काठावरचा दोराही वाकडाच होता, कुठे टाक्यावर टाका पडलेला, कुठे कापड तसंच सुटलेलं. माझा हात थांबलेला तिला कळला असावा.

"काठाकडं नको बघू," ती हळूच म्हणाली. "तिथं अळी नव्हती."

झाडाला पुन्हा पालवी फुटते, नजरेचं तसं नसतं. हे कळतं, पण कळूनही सोसवत नाही. ती अजून शिवते, रोज थोडं. फोनवर मी डोळ्यांचं विचारत नाही, आज काय शिवलं एवढंच विचारते. उत्तर द्यायला ती जरा थांबली की माझा जीव टांगणीला लागतो.