पाहुण्यांची खुर्ची

परळीबाहेर थर्मल वीजकेंद्राच्या राखेपासून विटा करणाऱ्या एका कारखान्यात मी व्यवस्थापक आहे. ऑफिसात आम्ही दोघंच. मी आणि विटा भरायला येणाऱ्या ट्रकांना नंबर देणारी आक्का. वयाने माझ्याहून मोठी, आणि आवाजाने तर फारच मोठी.

पूर्वी सगळे ड्रायव्हर उजाडायच्या आत येऊन नंबरासाठी भांडायचे. आक्का मोडकळीला आलेल्या लाकडी खुर्चीत बसून त्यांना गप्प करायची. त्या खुर्चीपायी तिची कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं, बसणं सुधारा नाहीतर नोकरी सोडा. "दिवाळीनंतर बघा दुसरं कुणी," असं ती मला म्हणाली. तिच्याशिवाय हे ऑफिस मला नको होतं.

मालकाच्या मागे लागून मी दोन गोष्टी आणवल्या. एक सॉफ्टवेअर, ज्यात ड्रायव्हर मोबाईलवरूनच विटा भरायची वेळ घेतो. आणि आक्कासाठी चाकांची, कंबरेला टेकू देणारी महागडी खुर्ची.

सॉफ्टवेअर छान चाललं. फाटकावरची भांडणं थांबली. खुर्चीचं मात्र भजं झालं. आता ड्रायव्हर निवांत येत, चहाला आत डोकावत, आणि आक्का लगेच उठून नवी खुर्ची त्यांच्या पुढ्यात ढकलत असे. स्वतः पुन्हा लाकडीवर. मी चिडलो.

"आवो साहेब, रातभर गाडी हाकून आलाय त्यो. दारात आलेल्याला मोडकी खुर्ची देऊन मी काहून बसू चांगल्या खुर्चीत?"

'ही खुर्ची फक्त आक्कांसाठी' असा कागद मी भिंतीवर चिकटवला. तिनं त्यावर कॅलेंडर टांगलं.

दिवाळी जवळ आली. आक्का कंबरेला पट्टा बांधून यायला लागली. एका सकाळी नव्या खुर्चीत ऐसपैस पसरलेला ड्रायव्हर बघून माझं डोकंच फिरलं. तिथं चहा पीत बसलेल्या सगळ्यांवर मी ओरडलो, "तुमच्या या पाहुणचारापायी आमची आक्का नोकरी सोडून चाललीय, कळतंय का?" तो ड्रायव्हर उठला, त्यानं खुर्ची हातानं पुसली आणि गेला.

काही दिवसांनी सॉफ्टवेअरमध्ये एक वेळ कुणीतरी घेतलेली दिसली, पण विटांची मागणी शून्य. ठरल्या वेळी तोच ड्रायव्हर आला, सोबत आणखी दोघं. त्यांनी ट्रकमधून एक सीट उतरवली. भंगारातल्या ट्रकची, स्प्रिंगवाली, खाली वेल्डिंग केलेले लोखंडी पाय, वर नवं निळं रेक्झिन आणि कडेनं लाल गोंडे.

"आक्का, ही आमची बैठक. आता तुमी तुमच्या खुर्चीतून उठायचं न्हाई."

आक्का सीट बघायला म्हणून तिच्यावर बसली. थोडी हलली, मागं टेकली.

"लई बेस हाय की रं," ती म्हणाली, आणि उठलीच नाही.

दिवाळी होऊन गेली. पट्टा सुटला. नोकरी सोडायचं आक्का पुन्हा बोलली नाही आणि मीही तो विषय काढला नाही. सकाळी मी आत शिरलो की ती गोंड्यांच्या सीटवरूनच पायानं ती महागडी खुर्ची माझ्याकडं ढकलते.

"बसा साहेब, तुमी बी दमून आलात."

मी गुपचूप बसतो.