इंजिन पाठीमागं

चार शहाणी माणसं एकत्र बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चुकायला लागली, की किस्से जमवावे लागत नाहीत. आमचं तसंच झालं. शहागंजात जावेदचं घड्याळांचं दुकान आहे आणि वरच्या माडीवर त्यानं रेसिंग गेमचा संसार मांडलाय. मोठा टीव्ही, खऱ्यासारखं स्टिअरिंग, पायाशी पेडल. रविवारी सकाळी आम्ही तिथं ड्रिफ्ट शिकायला जमतो, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळण काढायला. आता बऱ्यापैकी जमतं. पण शिकताना जे झालं ते ऐकाच.

*

दत्ता करमाडचा. घरची शेती, नोकरी शेंद्र्याच्या कंपनीत, माझ्याच शिफ्टला. जावेदनं पहिल्याच दिवशी अवघड गाडी काढली. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं, जोर मागच्या चाकांना. अशी गाडी झटकन वळते आणि तितक्याच झटकन गिरकी घेते, हे त्यानं नीट समजावलं. दत्तानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, इंजिन मागं तर डिकी कुठं? पुढं, बॉनेटखाली, जावेद म्हणाला.

दत्तानं टीव्हीतल्या बॉनेटकडं बोट केलं.

"लई भारी. खताचं पोतं वाटेत सांडलं तर कळंल तरी."

*

मी स्वतः बरीच वर्षं कार चालवतोय, त्यामुळं गुर्मीतच बसलो. पहिल्या वळणावर गाडीचा मागचा भाग सुटला, मी दचकलो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. नेमकं तेच करायचं नसतं. पाय उचलला की भार पुढं जातो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. "भाई, डर लगा तो बी पाँव नक्को उठाव, थोडा ढीला करो बस," असं जावेद सांगत होता. मी घाबरलोच नाही, गेममध्येच खोट आहे, असा माझा दावा. शेवटी एकदाची गाडी फिरायची थांबली, सरळ झाली, आणि मी ऐटीत वेग घेतला.

जावेदनं कोपऱ्यातल्या नकाशावर बोट ठेवलं. "अब बराबर चला रहे भाई. बस, वापस घर जा रहे."

*

जावेदची खुर्ची चाकांची होती. दत्तानं एका उतारावर अंगातला सगळा जोर काढून ब्रेक दाबला. टीव्हीतली गाडी थांबली, पण दत्ता खुर्चीसकट मागं निघाला, दारातून थेट गॅलरीत. तिथं जावेदची अम्मी पापड वाळत घालत होती. तिनं पापडाचं ताट उचलून बाजूला धरलं.

"बेटा, हॉर्न तो बजाना."

*

माझी बायको वैशाली सुरुवातीला नुसती बघायला यायची. मग बसली आणि आमच्या सगळ्यांच्या आधी तिचं वळण निघालं, गाडी आडवी, धूर काढत, कठड्याला न शिवता. तुला कसं जमलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, घसरताना कठड्याकडं बघायचंच नाही, जिथून बाहेर पडायचंय तिथं बघायचं, हात आपोआप तिकडं वळतात. हे कुठं शिकलीस?

"शहागंजात स्कूटीवर भाजी घ्यायला तुम्ही आलात का कधी?"

*

आता नानांचं. नाना म्हणजे दत्ताचे वडील. गेल्या वर्षी बांधावरून त्यांचा ट्रॅक्टर उलटला. मांडीचं हाड मोडलं, ते जुळलंही, पण नानांनी परत स्टिअरिंगला हात लावला नाही. ट्रॅक्टर पुतण्या चालवायचा. घरच्या जीपमध्येही नाना बाजूलाच बसायचे, खिडकीबाहेर बघत.

एका रविवारी छावणीतल्या नातेवाइकांकडून परतताना दत्ता त्यांना माडीवर घेऊन आला. नाना कोपऱ्यात बसून आमचं बघत होते. जावेदनं अदबीनं विचारलं, चाचा, बैठेंगे क्या? दत्ता नाही म्हणायच्या आत नाना उठले होते.

पहिल्याच वळणावर गाडी फिरली, कठडा तोडून खाली गेली आणि उलटी पडली. चाकं हवेत फिरत होती. दत्ता बंद करायला धावला.

"थांब," नाना म्हणाले. "परत लाव."

परत उलटली. परत लावली. नानांचा सदरा घामानं भिजला, जबडा आवळलेला, पण उठायचं नाव नाही. आम्ही चहा गार होऊ दिला. शेवटी एकदा गाडीचा मागचा भाग सुटला, नानांनी स्टिअरिंग हलकेच उलट दिलं, पाय होता तिथंच ठेवला, आणि गाडी ते वळण आडवी घसरत पार करून सरळ झाली.

नानांनी टोपी घातली आणि जिना उतरले. खाली जीपजवळ त्यांनी दत्तापुढं हात केला. दत्तानं किल्ली दिली.

पुढचं दत्तानं सांगितलं. जालना रोडला लागेपर्यंत तो हँडब्रेकवर हात ठेवून बसला होता. नाना रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले,

"हात काढ तिथून."