बेइराला न गेलेलं धान

रंजीता रामटेकेशी बोलून झालं की लोक फोन आपटायचे. चंद्रपूरच्या शिपिंग एजन्सीत लागल्यापासून तिची हीच ख्याती होती. माल परदेशी पाठवणारा विचारायचा, "हे असंच जाईन ना, बाई?" आणि ती बहुतेकदा म्हणायची, "नाई जात." का नाही, हेही ती सांगायची, पण तोवर समोरच्याचं डोकं तापलेलं असायचं. ऑफिसातला वरिष्ठ सुनिल तिला तोंडावरच 'नाईबाई' म्हणायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. गोड बोलणं तिला जमत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

तिचे वडील ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे राख उपसायचे. क्वार्टर पक्क्या नोकरीवाल्यांना; रामटेक्यांचं घर कुंपणाच्या बाहेर. कंपनीची बस पोरांना घेऊन शाळेत जायची, रंजीता तिच्या मागून धूळ खात सायकल मारायची. मेकॅनिकलचा डिप्लोमा तिने चांगल्या मार्कांनी केला. कारखान्यांनी 'शॉप फ्लोअरवर मुलगी नको' म्हणून परत पाठवलं. मग मिळाली ही नोकरी, समुद्राची. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. पण कोणतं जहाज न्हावा शेवाहून कुठे जातं, नागपूरच्या कोरड्या बंदरातून, म्हणजे कंटेनर डेपोतून, कंटेनर रेल्वेवर कधी चढतो, त्याआधी कस्टममध्ये काय काय व्हावं लागतं, हे तिला पाठ होतं.

पहिल्याच वर्षी तिने चिमूरकडचा एक जुना ट्रॅक्टर टांझानियाला पाठवला. बॅटरी सोडवली, डिझेलची टाकी रिकामी केली, चाकं साखळीने जखडली. टायरच्या खाचांत मात्र शेतातली काळी माती राहिली. परक्या मातीतून कीड येते म्हणून तिकडच्या शेतीखात्याने ट्रॅक्टर बंदरातूनच परत धाडला. "धुतला आहे," असं सुनिलने सांगितलं होतं. 'माल स्वच्छ आहे' या ओळीखाली सही मात्र रंजीताची होती. सुनिलने हात वर केले. मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "पुन्हा असं झालं तर घरी बसायचं." त्या दिवसापासून ती स्वतः पाहिल्याशिवाय कुठेच सही करत नसे.

गेल्या हिवाळ्यात आरमोरीच्या गुणवंतराव दोनाडकरांचं काम आलं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये धान मळायची मशीनं बनत. अशी तीन थ्रेशर मोझांबिकला, बेइरा बंदरात जायची होती. रंजीताने फोनवर बजावलं होतं, "मशीनमध्ये दाणा, काडी, माती काई नको. चालवून पाहाची असली तं रिकामीच चालवा."

"हो हो," गुणवंतराव म्हणाले होते.

ती बसने आरमोरीला पोचली तेव्हा नागपूरहून आलेला ट्रेलर रिकामा कंटेनर घेऊन फाटकात उभा होता. तिन्ही मशीनं हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून तयार. गुणवंतरावांनी तिला आपादमस्तक पाहिलं.

"आडनाव काय म्हणाल्या?"

"रामटेके."

"हं." चहा सगळ्यांसाठी आला होता. तिच्यासाठी कोणी कप उचलला नाही. तिने ते पाहिलं आणि टॉर्च काढून पहिल्या मशीनच्या तोंडात प्रकाश टाकला.

आत मूठभर धान होतं. खाली चाळणीत आणखी अडकलेलं, काड्यांसकट.

"हे काय आहे, भाऊ?"

गुणवंतरावांची बायको मनकर्णाबाई पुढे आल्या. "आमच्या घरची रीत हाय वो बाई. नव्या मशीनवर घरच्या धानाची पेंडी मळाची, अन् मूठभर दाना पोटात ठेवूनच धाडाचं. सासऱ्याच्या काळापासून कोनतं मशीन उपाशी गेलं नाई."

"इथल्याच मूल, सिंदेवाही गावाले जाते तेव्हा ठेवा. हे बेइराले जाऊन राह्यलं. तिथी हा दाणा सापडला तं तीनही मशीनं परत येतीन, नाई तं जाळतीन."

"जाळतीन?" गुणवंतराव हसले. "तांदूळ खातेत ना थे लोकं? का मंग धानाले भेतेत?"

"तुमच्या धानाले नाई भेत. त्यातल्या किडीले भेतात."

"आमच्या धानात कीड?" ते एकदम उठले. "वो पोट्टी, माह्या वावरातल्या धानाले नावं ठेवाले आली का इथी?"

ट्रेलरचा ड्रायव्हर बिरजू खाली उतरला. संध्याकाळी नागपूरच्या बंदराचं फाटक बंद होईल, कंटेनर आज आत गेला नाही तर रेल्वे चुकेल, मग जहाजही, असं तो हिंदीत कुरकुरला. हे त्याने सांगायची गरज नव्हती. ते वेळापत्रक रंजीतानेच बनवलं होतं. पुढचं जहाज धरलं तर मशीनं तिकडची कापणी उरकल्यावर पोचणार होती, आणि तेव्हा ती कोणाला नको होती.

गुणवंतरावांनी सुनिलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "तुमची बाई माल अडवून राह्यली."

"रंजीता," सुनिलचा आवाज आला, "मूठभर धानाचं काय घेऊन बसलीस? सील लाव आणि ये."

"सही तुम्ही कराल?"

"तिथे तू आहेस. सही तूच करायची."

"मग सील लागत नाही." तिने फोनकडे पाठ फिरवली. "भाऊ, दुसरा एजंट आणाचा असन तं आणा. मी इथीच बसतो."

गुणवंतरावांनी फोन खिशात कोंबला. तेवढ्यात वर्कशॉपचा जुना मिस्त्री पोचू याने पान्यांची पेटी उचलली. त्याच्यावर ते खेकसले, "ठेव थे!" पेटी जमिनीवर आदळली. रंजीताने तिच्यातला पाना घेतला आणि पहिल्या मशीनच्या चाळणीकडे वळली.

"मशीनले हात नाई लावाचा!"

ती थांबली, वळली. "काऊन?"

गुणवंतरावांनी पोचूकडे पाहिलं.

"काऊन नाई लावाचा, भाऊ? मी डिप्लोमा मेकॅनिकल हावो. नट मले खोलता येते. मंग काऊन?"

मनकर्णाबाईंनी पदर सावरत मान दुसरीकडे फिरवली. पोचू हात पुसत राहिला. गुणवंतरावांच्या ओठांवर आलेला शब्द तिथेच अडकला. इतक्या माणसांसमोर तो बाहेर काढायची त्यांची छाती झाली नाही.

"नट घसरन," ते शेवटी म्हणाले.

"मंग तुमीच लावा हात."

तिने पाना त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो तिच्या हातून घेतला नाही. पेटीतला दुसरा उचलला.

मग जे काम झालं ते रागानेच झालं. गुणवंतराव नट असे फिरवत होते जणू रंजीताची मान पिळत आहेत. चाळणी निघाली, ड्रमचं झाकण निघालं. पोचूने हवेचा पाइप लावून धान उडवलं. रंजीता प्रत्येक खाचेत टॉर्च मारायची. "तिथी अजून हाय." गुणवंतराव शिवी हासडायचे आणि पुन्हा पाइप मारायचे. मनकर्णाबाई उडालेला दाणा अन् दाणा पदरात वेचत होत्या, पुटपुटत होत्या, ते देवासाठी होतं की रंजीतासाठी, कळत नव्हतं.

दोन मशीनं झाली. तिसऱ्याचा एक नट जाम बसला होता. गुणवंतरावांनी जोर लावला तसे त्याचे कोपरेच झिजले, पाना धरेना. चाळणी बाहेर येईना. आत काडी दिसत होती.

बिरजूने हॉर्न दाबला.

"दोनच जातीन," रंजीता म्हणाली आणि कस्टमच्या कागदांत तीनऐवजी दोन मशीनं करायला, वजन बदलायला नागपूरला फोन लावला.

"तुमच्यापायी एक मशीन राहून राह्यलं," गुणवंतराव म्हणाले.

"माह्यामुळं दोन जाऊन राह्यले."

मशीनं आत चढली, कंटेनरचं दार लागलं, सील बसलं. तिने सही केली. ट्रेलर नागपूरच्या रस्त्याला लागला. गुणवंतरावांची जीप चंद्रपूरलाच निघाली होती. तिला कोणी 'बसा' म्हटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. ती चालत स्टँडवर आली.

बसमध्ये सुनिलचा फोन आला. "दोनाडकरांनी तक्रार केली आहे. त्यांचं काम यापुढे मी पाहीन."

"पाहा," ती म्हणाली. "तिसऱ्या मशीनची चाळणी खोलून पाहा. आणि सही स्वतः करा."

सुनिल काही बोलायच्या आत तिने फोन बंद केला आणि कंडक्टरकडे तिकीट मागितलं.