पुस्तक मिटून धडा सांगणारी कमल

मैत्रिणींनो, आज दुपारी नातीवर उगीच ओरडले. उद्या परीक्षा, आणि ही पुस्तक मिटून भिंतीला धडा सांगत होती.

"अगं आजी, न बघता सांगितलं की कळतं, काय लक्षात राहिलंय ते!"

एकाहत्तर साली नगरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये मिरजगावची कमल हेच म्हणायची. अभ्यासाच्या तासाला पुस्तक मिटून मला हळूच धडा सांगायची, मग माझा ऐकायची. "ऐक गं, कुटं अडकते ते सांग. अडकलेलंच लई दिस ध्यानात ऱ्हातं."

त्या तासाला बोलायची बंदी होती. सहामाहीत ती माझ्या पुढे गेली, तेव्हा मी सिस्टरना जाऊन सांगितलं, "कमल बडबड करते."

तिला कोपऱ्यात एकटं बसवलं, उघड्या पुस्तकासमोर, तोंड बंद. वार्षिक परीक्षेत ती नापास झाली. वडील न्यायला आले, तेव्हा ट्रंक उचलत म्हणाली, "आता तुझं कोन ऐकंल गं?"

पहिला नंबर माझा आला. तेव्हा घोकलेलं आज काहीच आठवत नाही. गोदावरीचा धडा तेवढा आठवतो, कमलच्या आवाजात.

मिरजगावकडचं कुणी आहे का इथे? कमलचा पत्ता मिळेल? चहाडी मीच केली होती, हे तिला अजून माहीत नाही.