रोमचा खांब येलहंक्यात

शैला, नागपूर सोडलं त्या दिवशी सगळं सामान ट्रकमध्ये चढलं, पण आमच्या वडिलांनी, नानांनी, जपलेलं ते चित्र मी कुणाच्या हाती दिलं नाही. रेल्वेत मांडीवर घेऊन बसले, तर तुझा नवरा, भाऊच तो माझा, प्लॅटफॉर्मवरून ओरडला, "ताई, बाळ आहे का ते?" तू मात्र डोळे पुसत एवढंच म्हणालीस, "तुमची खोली तशीच ठेवते." त्या एका वाक्यावर मी लेकीकडे वर्ष काढलं बघ.

चित्र तुम्हा दोघांना पाठच आहे. बरोक काळातलं, म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वीचं रोम, चौकाच्या मधोमध त्याहून कितीतरी जुना कोरीव दगडी खांब. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखून, आम्लात बुडवून छापलेलं. पत्र्यावर दिसतं तसं रेखलं की कागदावर डावं ते उजवं होतं, हे नाना शाळेत ड्रॉइंग शिकवताना सांगत. वर म्हणत, "खांब कुठे पळत नाही, आधी खालची माणसं बघा." मी जन्मभर खांबच बघितला.

इथे बंगळुरात, लेकीच्या येलहंक्यात माझंही तसंच उलटं छापलं गेलं. दिव्याचं बटण भलत्याच भिंतीवर, लेक दिवसभर मीटिंगमध्ये. भाजीवाल्याला म्हटलं, "काहून बापा, इतकी महाग?" तर तो "सरी अम्मा", म्हणजे 'बरं अम्मा', म्हणून कोथिंबीर पुढे करी. वैताग नुसता! त्यात तुझा फोन, "आमच्या मुग्धाला अभ्यासाला खोली हवी, पण तुम्ही परत येणार असाल तर हात लावत नाही." मला रडूच फुटलं. नंतर सांगते म्हणून फोन ठेवला.

परवा खालच्या मजल्यावरच्या अक्का आल्या. घरात मराठीच बोलतात, पण घराणं तीन-चारशे वर्षांपासून इथलं. चित्र बघून म्हणाल्या, "अय्यो, हे आमचं मार्केटच की!"

माझं डोकंच सटकलं. "अहो, रोम आहे ते!"

"असू दे की. हा गाडीवाला बघा, ही बाई भांडते, कुत्रं झोपलंय. खांबाकडे स्वल्प तरी कोण बघतंय?"

खरंच गं, कुणीच नाही! मग मी त्यांना तुझ्या फोनचं सांगितलं. त्या खो खो हसल्या. "आमची खोली तिकडे महाराष्ट्रात कुणी राखून ठेवलीय होय इतकी वर्षं?"

तर शैला, खोली मुग्धाला दे. पलंग हलव, हवा तो रंग लाव. लिहिताना जीव तुटतो, आणि हलकंही वाटतं. नागपूर माझंच आहे, त्याला खोली कशाला लागते? इथे अक्कांबरोबर बाजारात जाते, मोडक्या कन्नडमध्ये भांडते, आणि लोक मला उलट बोलतात, म्हणजे मी त्यांच्यातली झाले असणार.

दिवाळीला येते. पण यंदा पाहुणी म्हणून. तेव्हा चहा तू करायचास, आणि निघताना "राहा ना अजून" म्हणायला विसरू नकोस.